गेरू-चुन्याचं वर्ष

सुखदेव तायडे गेला हे मला सुरतेजवळच्या उधन्याच्या भाजीबाजारात कळलं आणि माझा मुळीच विश्वास बसला नाही. सांगणारा होता आमच्या जुन्या कचेरीतला शिपाई. या गृहस्थाने पूर्वी एकदा सुखदेवला बडतर्फ केलं होतं, एकदा पोलिसांकडून पकडवलं होतं आणि एकदा तर बायकोसह आफ्रिकेला पाठवून दिलं होतं, सगळं तोंडानेच. त्यामुळे मी शांतपणे मेथीची जुडी घेतली, आतून सडकी तर नाही ना हे उलटीपालटी करून पाहिलं आणि मग सायकल त्याच्या गल्लीकडे वळवली. म्हटलं, बघू तर खरं. गल्लीच्या तोंडाशीच चपलांचा ढीग दिसला... एवढ्या चपला खोटं बोलत नाहीत. आत शांतावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाले निरोप धाडाले कोनी सापडलंच नाही." सकाळी पाण्याची बादली उचलताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती माझ्या मित्राने.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी दारात मांडव होता. बुद्धवंदना झाली आणि मग भाषणं झाली. माणूस गेला की बोलणाऱ्यांची जीभ मऊ होते हे मला ठाऊक आहे, तरी त्या दिवशी मला जरा जास्तच वास आला. झाडांचा सोबती काय, वनराईचा पुत्र काय... पहिल्या रांगेत आमच्या कचेरीतले एक निवृत्त हेडक्लार्क रुमालाने डोळे पुसत होते. याच माणसाने पूर्वी पानाच्या टपरीवर उभं राहून "तायडेने मोहाची अख्खी राई खाल्ली आणि ढेकरही दिला नाही" असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. रुमाल कोरडा होता, तेही पाहिलं. घरी आलो आणि ठरवलं की सुखदेवच्या त्या एका वर्षाची हकीकत आपणच लिहावी. त्याच्या नावाला जो डाग चिकटला तो कसा चिकटला हे जवळून पाहणारा आता मीच उरलो आहे. आणि त्या प्रकरणात मीही एक संशय बाळगून होतो. सुखदेवचा नव्हे, दुसऱ्याच माणसांचा. त्यांच्यासाठी त्याने आपलं नाव मातीत घातलं, आणि ती माणसं त्या लायकीची होती का, हा प्रश्न मला इतकी वर्षं गप्प बसू देत नव्हता.

मी जन्माचाच संशयी. आमचं घर खानदेशातलं, वडील मागावर काम करायला सुरतेला आले, घरात अहिराणी. आई शेजारणींना सांगायची, "मना भास्कर पानीबी गाळीसन पेस, नि मंग गाळनंबी निरखीसन देखस." पाणी गाळून पितो आणि मग गाळणंही निरखून बघतो. जिल्ह्याच्या पंचायत कचेरीत मी नकाशे काढत असे आणि पट्टी लावून ओढलेली रेघसुद्धा डोळा बारीक करून पुन्हा तपासत असे. सुखदेव भुसावळकडचा. वडील रेल्वेत खलाशी, बदली होऊन उधन्याला आलेले. शेतकीची पदवी घेतलेला त्यांच्या घरातला तो पहिलाच. कचेरीत त्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून कुजबुज होती, राखीव जागेवर आलाय, काम येतंय का बघू या. त्याच्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घेताना एकदोघांचा हात क्षणभर थबकायचा. ते त्याला दिसायचं, मलाही दिसायचं, आणि तो मुद्दाम तांब्या पुढे करून म्हणायचा, "घ्या ना साहेब, माठातलं आहे, गार आहे." आमची दोघांची गट्टी जमली ती 'मले-तुले'मुळे. दिवसभर गुजराती बोलून जबडा दुखला की आम्ही जिन्याखाली उभं राहून मनसोक्त आपल्या बोलीत बोलायचो. "पाटील, तू तं आपल्या सावलीले बी ईचारशील, कुठून आली म्हनून," असं तो मला चिडवायचा आणि माझ्याआधी स्वतःच हसत सुटायचा.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. बागा आणि झाडं सांभाळण्यासाठी कचेरीने एक नवी शाखा काढली, वर्षभराच्या बोलीवर. जमलं तर पुढे चालवू, नाहीतर बंद. तिचं प्रमुखपद कोणालाच नको होतं. रस्ते असोत, पूल असोत, तिथे साहेबलोकांची रांग लागते, झाडांत काय मिळणार, सावली? म्हणून ते सुखदेवच्या गळ्यात मारलं आणि या भल्या माणसाने ते हारासारखं मिरवलं. हाताखाली एक खटारा जीप, थोडे माळी, पलसाण्याच्या पुढे हमरस्त्याला लागून एक रोपवाटिका, तालुक्याच्या गावांतल्या काही बागा, ज्यांत लोक बिनदिक्कत म्हशी बांधत, आणि खेड्यापाड्यांतल्या पंचायतीच्या जमिनीवरच्या जुन्या राया. नकाशांसाठी म्हणून मला त्याच्या जोडीला दिलं. मला तेव्हाच वाटलं होतं की जी जागा कोणी मागत नाही आणि आपल्याला आग्रहाने देतात, तिच्यात काहीतरी काळंबेरं असतं. त्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "असू दे ना. झाडं तं हिरवी हायेत."

पहिला धडा पलसाण्यालाच मिळाला. बांधावर लावायला रोपं फुकट मिळतील असं सुखदेवने जाहीर केलं आणि कोणी फिरकेचना. शेवटी एक उसवाला शेतकरी गाडी थांबवून आत आला. रोपांकडे न बघता आमच्या तोंडांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, मफतमां तो कोई झेर पण नथी आपतुं. तमे झाड केम आपो छो?" फुकट कोणी विषसुद्धा देत नाही, मग तुम्ही झाड का देता! मला तो मनुष्य फार आवडला. गावोगाव हेच. आज सरकार झाड लावणार, उद्या म्हणणार झाड आमचं, परवा म्हणणार झाडाखालची जमीनही आमची. हमरस्त्याच्या कडेच्या रोपांना कोणीतरी मुळाशी उकळतं पाणी ओतायचं, कारण सावलीने ऊस खुरटतो. बागेला कुंपण घातलं की साहेबाने स्वतःच्या म्हशींसाठी जागा राखली, आणि काढलं की तारा विकून खाल्ल्या. मी संतापायचो, सुखदेव नाही. "लोक संशय घेतात म्हनजे त्याहिले आधी कोनीतरी फसोलं असन," एवढंच म्हणायचा आणि पुढच्या गावाला जीप वळवायचा.

मग त्याला गेरू-चुन्याची युक्ती सापडली. झाडाच्या बुंध्याला चुन्याचा रुंद पांढरा पट्टा आणि त्याला वर-खाली गेरूची तांबडी कड. यात नवीन काही नव्हतं, सरकारी बंगल्यांतली झाडं अशीच रंगवलेली असतात. पण त्याने हमरस्त्यावरची झाडं रंगवली आणि गंमत अशी की फांद्या तोडणं कमी झालं, उकळतं पाणीही थांबलं. "पाह्य पाटील, झाडाले मालक हाये हे दिसलं पाह्यजे. बेवारशी ढोरावर कोनीबी काठी घालते." त्या पट्ट्यांवर तो भलताच खूश होता. वाटेत जीप थांबवून उतरायचा, रंगवलेल्या झाडाला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचा आणि हाताला लागलेला चुना विजारीला पुसायचा. वहिनी धुताना त्याच्या नावाने खडे फोडायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याने हुकूम काढला की आतल्या गावांतल्या रायाही रंगवून घ्या.

आमलखुंट हे गाव पार पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. वस्ती आदिवासी. गावाबाहेर मोहाची नि आंब्याची राई. जमीन पंचायतीची, पण राखलेली गावानेच, पिढ्यान्‌पिढ्या. मोहाची फुलं गळायला लागली की म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे पहाटे टोपल्या घेऊन तिथे. त्या फुलांवरच त्यांचे पावसाळ्याआधीचे अवघड दिवस निघायचे. सुखदेवचा त्या राईवर इतका जीव की नकाशात मी तिला हिरवा रंग भरला तर म्हणे, फिका दिसतो, आणखी गडद कर. आमचे माळी तिथे जाऊन रंगवून आले. गावाने काही विचारलं नाही, हरकत घेतली नाही, उलट त्यांना जेवू घातलं. हे ऐकूनच मला खटकलं. भांडणाऱ्या माणसाचं मन कळतं, न भांडणाऱ्याचं काय करायचं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघे तिकडे निघालो. गावाच्या अलीकडे, त्या अरुंद रस्त्यावर, समोरून एका लाकूडवाल्या व्यापाऱ्याचा ट्रक आला. ताडपत्री घट्ट बांधलेली. आम्ही जीप कडेला घेतली, तो गेला. पुढच्या वळणावर सुखदेवने जीप एकदम थांबवली. समोर नुसतं उघडं आभाळ होतं. राई नव्हती. बुंधे होते, आणि प्रत्येक बुंध्यावर आमचा पट्टा, ताजा, स्वच्छ. कुऱ्हाडी पट्ट्याच्या बरोबर वरून चालवल्या होत्या. लाकूड कुठेच दिसत नव्हतं, जमिनीवर मोहाचा पाला मात्र अजून हिरवा होता आणि त्यात बकऱ्या चरत होत्या. सुखदेव खाली उतरला आणि उभाच राहिला. गावचा म्होरक्या नवजीभाई दोघातिघांबरोबर पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर ना भीती, ना लाज. हात जोडून तो अगदी मनापासून, आपण नियम पाळला याची खात्री पटवावी तसा म्हणाला, "साहेब, तमारा पट्टाने अमे हात नी लगाड्यो." तुमच्या पट्ट्याला आम्ही हात लावला नाही.

हळूहळू उलगडलं. वरच्या अंगाला तेव्हा मोठ्या धरणाचं काम चाललं होतं. तिथल्या बुडणाऱ्या गावांत आधी मोजणीवाले आले आणि त्यांनी झाडांना चुन्याचे पट्टे मारले. मग ठेकेदार आले आणि पट्ट्याची झाडं घेऊन गेले. मग माणसांना ट्रकांत भरून नेलं, आणि मग पाणी आलं. आमलखुंटातल्या निम्म्या घरांत त्या गावांतले सोयरे येऊन राहिले होते. त्यांनी आमचे माळी पाहिले, चुन्याच्या बादल्या पाहिल्या आणि गावाला सांगितलं की आता तुमचीही पाळी. "लेवाना तो छे ज," नवजीभाई म्हणाला, "तो लाकडुं तो अमारुं रे." नेणारच आहात, तर लाकूड तरी आमच्या हाती राहू दे. सुखदेव त्याला सांगू लागला की अरे बाबा, हे गाव बुडायचं नाही, पट्टा तोडायला नव्हता, राखायला होता... आणि मध्येच थांबला. सांगून काय उपयोग होता? नवजीभाई एकदा त्याच्याकडे, एकदा बुंध्यांकडे बघत राहिला. मग मागे उभी असलेली एक बाई मटकन खाली बसली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. सुखदेव रडला. माझ्या देखत तो तेवढाच रडला.

परतताना मी मात्र पेटलो होतो. "सुखदेव, तुले बनावलं त्यांनी. तो ट्रक पाहिलास ना? लाकूड विकलं आणि तुले गोष्ट सांगितली." तो म्हणाला, "ट्रक मीबी पाह्यला. तू म्हनतं तेबी खरं असन. पन ती बाई बसली कशी, ते पाह्यलं का तू?" मी पाहिलं होतं. पण बायका काय, नाटकंही करतात, असं मी तोंडाने म्हणालो.

पंचायतीच्या जमिनीवरची झाडं परवानगीवाचून तोडणं हा गुन्हा. मोठ्या साहेबांनी चौकशी लावली. सुखदेवने घडलं ते सगळं सांगितलं. साहेब हसले. "तायडे, वार्ता सारी छे," म्हणाले, गोष्ट झकास आहे. चुना पाहून कोणी स्वतःचं पोट तोडतं का? मी साक्ष दिली, तर म्हणाले तुम्ही दोघे एकाच मुलखाचे, तुम्ही हेच सांगणार. मग त्यांनीच वाट सुचवली. गावाने चोरून झाडं तोडली एवढं लिहून द्या, गावावर खटला होईल, तुम्ही मोकळे, शाखाही पुढे चालू. चौकशीला बोलावलेले नवजीभाई आणि गावातले कर्ते पुरुष कचेरीच्या दारात उकिडवे बसून होते. घरचे कमावते हात तुरुंगात गेले की मागे काय होतं हे सुखदेवला कोणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या वेळी आत गेला तेव्हा दारातल्यांनाही ऐकू जाईल असं तो म्हणाला, झाडं पोखरलेली होती, मीच तोंडी हुकूम देऊन तोडायला लावली. खऱ्याला त्या कचेरीत गिऱ्हाईक नव्हतं, खोटं लगेच खपलं. कारण आता सगळ्यांना हवं ते कळलं होतं. हुकूम याचा, ट्रक व्यापाऱ्याचा, म्हणजे खाल्लं यानेच.

गाव सुटलं. वर्ष संपलं, शाखा बंद झाली, पलसाण्याची रोपवाटिका उसात गेली. सुखदेवला इच्छापोरच्या बाजूला बियाण्यांच्या गोदामावर टाकलं आणि तिथेच ठेवलं. त्याच्यावर काहीच शाबीत झालं नाही, आणि तेच वाईट झालं. शाबीत झालं असतं तर शिक्षा भोगून प्रकरण मिटलं असतं. घरी नवी खाट आली तरी शेजारी वाकून बघायचे, मोहाची आहे का. शेवटी त्याने घरात लोखंडाच्याच खाटा आणि लोखंडाच्याच खुर्च्या केल्या. मी जेव्हा जेव्हा भेटायचो तेव्हा म्हणायचो, चल एकदा आमलखुंटाला, लाकूड कुठे गेलं याचा छडा लावू. तो हसून टाळायचा. एकदा चिडून म्हणाला, "मी गेलो तं म्हनतीन हिस्सा घ्याले आला. अन्‌ त्याहिच्या मांगं पुन्हा चवकशी लागन. राहू दे." मी त्याला सरळ विचारलं, की तुला भीती तर वाटत नाही ना, लाकूड खरंच विकलेलं निघेल याची? तो काही बोलला नाही... त्याच्या त्या गप्प राहण्याचा मी माझ्या परीने अर्थ लावून ठेवला होता.

पुण्यानुमोदन झाल्यावर शांतावहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, त्या गावाले सांगाले पाह्यजे. आपन नाही तं कोन सांगन?" मन नव्हतं, पण वहिनींचा शब्द मोडवेना. एसटीने गेलो. नवजीभाई आता पार थकलेला, काठीवर वाकलेला. मला ओळखलं आणि आधी माझ्या पिशवीकडेच बघितलं. "कागळ-बागळ लाव्या छो?" मी म्हणालो, कागद नाही, तायडेसाहेब गेले हे सांगायला आलोय. त्याने ऐकलं, पण त्याला ते खरं वाटेना. माझ्यासारखा माणूस भेटला म्हणायचा. पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, कशाने, कधी, कोण होतं जवळ. मग काठी टेकत घरामागे निघाला आणि मला ये म्हणाला.

घरामागे गवताने शाकारलेलं एक लांब छप्पर होतं. खाली दगड मांडून त्यावर लाकूड रचलेलं. आंब्याचं निम्मं भुसा होऊन गेलं होतं, मोहाचे ओंडके मात्र तसेच, काळे पडलेले, वजनदार. छपराचं गवत यंदाचं होतं. मी संशयी माणूस, ढिगाभोवती फिरलो, वाकून वाकून पाहिलं. कुऱ्हाड लागल्याची एकही ताजी खूण नाही. हे विकलं का नाही, विचारलं. नवजीभाई म्हणाला, तो ट्रकवाला आला होता, रिकामा परत धाडला. मग वापरलं का नाही? त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. साहेबाने कचेरीत सर्वांदेखत सांगितलं की हुकूम माझा. ज्याच्या शब्दावर कुऱ्हाड उचलली, लाकूड त्याचं, अशी त्यांच्या गावची रीत. गाव तुरुंगातून वाचलं ते त्या शब्दावर, मग लाकूड गावाचं कसं? साहेब कधीतरी मागवेल म्हणून ते वाट बघत होते. शहरात जाऊन सांगितलं तर साहेबावर बालंट येईल म्हणून कोणी आलं नाही. आणि आपण गेलो तर गावावर येईल म्हणून साहेब गेला नाही. सुखदेव, अरे एकदा, एकदाच आला असतास...

नवजीभाई एका ओंडक्यावर हात ठेवून उभा होता. त्याने मला विचारलं, "साहेबने बाळवा लाकडां कांथी लाव्यां?" दहनाला लाकडं कुठून आणलीत? मी म्हणालो, वखारीतून, विकत. तो माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी लबाडी केली असावी तसा. त्याचे डोळे भरले होते आणि आवाज रागाने कापत होता. "कहेवडाववुं तो हुतुं, भाई. अमे गाडुं जोडीने आवते." सांगावा तरी धाडायचा होतास, आम्ही गाडी जुंपून आलो असतो.